लाइम गावच्या एका आईची वही

परवा रात्री अकरा वाजता एका ज्युनियरचा फोन आला. फील्डवर्कसाठी सिंधुदुर्गात गेलेली, दिवसभर जंगलात फिरून आली आणि पायाला गोचीड चिकटलेला दिसला. इंटरनेटवर शोधलं तर पहिलंच नाव आलं ‘लाइम डिसीज’. घाबरून विचारत होती, “लगेच अँटिबायोटिक सुरू करू का?” गोचीड कसा काढायचा ते तिला आधी सांगितलं. पण गोळीच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात दडलेलं आहे, म्हणून ही पोस्ट.

‘लाइम’ हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. तिथे पॉली मरे नावाची चित्रकार राहायची. तिला, नवऱ्याला आणि मुलांना वर्षानुवर्षं अंगावर चट्टे, सांधेसूज, थकवा असं काही ना काही चालू असायचं. डॉक्टरांना निदान जमेना आणि काहींना तर हे सगळं तिच्या मनाचे खेळ वाटले. ती मात्र लिहून ठेवत राहिली: कोणाला, कधी, काय झालं. १९७५ साली तिने आणि परिसरातल्या आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं की इथल्या बऱ्याच मुलांना संधिवात आहे. आता मुलांमधला संधिवात हा विरळा आजार, आणि तो संसर्गजन्यही नाही. मग एकाच भागात इतकी मुलं कशी?

हा प्रश्न येल विद्यापीठात संधिवाताचं प्रशिक्षण घेणाऱ्या ॲलन स्टीअर या तरुण डॉक्टरकडे गेला. त्याने आयांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि सर्वेक्षण केलं. तीन गावं, सुमारे १२,००० लोकवस्ती, ५१ रुग्ण. त्यातली ३९ मुलं. रुग्ण झाडीतल्या रस्त्यांलगत जास्त होते. आजार बहुतेकांना उन्हाळा ते शरद या काळात सुरू झालेला. एकाच घरातले लोक वेगवेगळ्या वर्षी आजारी पडलेले, म्हणजे माणसाकडून माणसाला लागण होण्याची शक्यता कमी. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना आधी एक पसरत जाणारा लाल चट्टा आल्याचं आठवत होतं.

गंमत इथे आहे. हा चट्टा स्वीडनच्या आर्विड ॲफझेलियसने १९०९ मध्येच मांडला होता आणि त्याचा संबंध गोचिडाशी जोडला होता. युरोपातले त्वचारोगतज्ज्ञ १९५०च्या दशकात त्यावर पेनिसिलिनही वापरत होते. पण त्यांना दिसली त्वचा, आणि येलच्या मंडळींना दिसले सांधे. म्हणून अमेरिकेत पहिलं नाव पडलं ‘लाइम आर्थ्रायटिस’. आपण ज्या विभागात बसतो, त्या विभागाचा चष्मा आपल्या डोळ्यांवर असतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना शेजारच्या विषयाच्या जर्नलमध्येही डोकवा असं गाइड सांगतात, ते याचसाठी.

१९८१ मध्ये मोंटाना राज्यातल्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरून आलेले गोचीड तपासत होता. तो शोधत होता वेगळ्याच तापाचे जंतू. गोचिडांच्या आतड्यात त्याला दिसले स्प्रिंगसारखे वळणदार जीवाणू. ते त्याने लगेच ओळखले, कारण बाझेलमधली त्याची पीएचडी गोचिडांतल्या अशाच जीवाणूंवर होती! पुढे जीवाणूला त्याचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी. आपला थिसिस कोणाच्या उपयोगाचा, असं वाटेल तेव्हा हे आठवा.

आता आपल्याकडे या. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्यामागचा विषाणू शोधला. तोही गोचिडांमधून पसरणारा. हाच तो माकडताप. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आला. म्हणजे ज्युनियरने काळजी करायची तर आधी याची, कनेक्टिकटच्या आजाराची नव्हे. आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

मग चावल्यावर करायचं काय? बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड त्वचेलगत धरा, सरळ वर ओढा. पिळू नका, तेल, रॉकेल, काडीपेटी काही नको. जागा साबणाने धुवा. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. ताप किंवा चट्टा आला तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचं, कोणत्या जंगलात होतात ते, मेलेलं माकड दिसलं असेल तर तेही, स्वतःहून सांगा. लाइमचा धोका असलेल्या भागात, ठरावीक जातीचा गोचीड दीड दिवस किंवा जास्त चिकटून राहिला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एक डोस देतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा. चावल्याच्या दुसऱ्या दिवशी लाइमची रक्ततपासणी करूनही उपयोग नसतो. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात.

ज्युनियरला मी तेच सांगितलं: गोळी नको, वही काढ. तारीख, गाव, जंगल, शरीरावरची जागा. पॉली मरेकडे सुरुवातीला एवढंच होतं. आणि उद्या तुमच्या फील्डवर एखादी बाई म्हणाली, “आमच्या वाडीत काहीतरी वेगळंच चाललंय,” तर प्रश्नावली जरा बाजूला ठेवा आणि तिचं आधी ऐका.