देवाच्या परडीतील 'क'ची फुले

आपल्या गोखिवरे गावातील देवालयाच्या जीर्णोद्धाराचे कार्य ग्रामस्थ, माहेरवाशिणी व देणगीदार यांच्या सहकार्याने सिद्धीस गेले, ही सर्वांना आनंदाची गोष्ट होय. दगड, सिमेंट, लाकूड व मजुरी यांचा हिशेब मंडळाने द्यावयाचा आहे. प्रस्तुत लेखात दुसरा हिशेब मांडण्याचा विचार आहे. तो म्हणजे देवाला वाहिल्या जाणाऱ्या फुलांचा. सातबाराचा उतारा काढला तर भाताची नोंद सापडते, केळीची सापडते. कुंपणाच्या कण्हेरीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती फक्त माणसांच्या तोंडी असते, आणि माणसे गेली की नोंदही जाते.

सर्व फुलांचा विचार एका लेखात मावणार नाही. म्हणून एकच अक्षर घेतले आहे. लहानपणी आपण सर्वांनी पाटीवर 'क कमळाचा' गिरवला. तोच हा क.

आरंभ अर्थातच कमळापासून करू. कमळ हे आपले राष्ट्रीय पुष्प व लक्ष्मीचे आसन. पुष्कळ लोक कुमुदालाही कमळच म्हणतात. कुमुदही 'क'चेच, पण झाड वेगळे. कमळाचे पान सलग गोल असून बहुधा पाण्याच्या वर उभे राहते. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते व त्याला देठापाशी चीर असते. कमळ सकाळी उमलते, तर पांढरे कुमुद संध्याकाळी उमलून सकाळी मिटते. कमळाच्या बियांचे सामर्थ्य विलक्षण आहे. चीनमध्ये एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मातीत सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी सापडले व शास्त्रज्ञांनी ते रुजवून दाखविले. तळे आटले तरी बी वाट पाहत राहते. परंतु तळे बुजवून त्यावर इमारत उभी राहिली, तर ते बी तरी काय करणार?

आता केवडा. यालाच संस्कृतात केतकी म्हणतात. खाडीकाठच्या ओलसर जमिनीत हा वाढतो. पाने काटेरी, त्यामुळे बांधाला आपोआप कुंपण होते. सुगंध येतो तो नर झाडाच्या कणसाला. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात याच कणसांपासून केवड्याचे अत्तर काढण्याचा मोठा धंदा चालतो. शिवलिंगाचा अंत शोधण्याच्या कथेत केतकीने ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली, म्हणून शंकराने तिला पूजेतून वर्ज्य केले, अशी पुराणकथा आहे. त्यामुळे तुंगारेश्वराला जाणारे जाणते भाविक बेल नेतात, केवडा नेत नाहीत. गणपतीला मात्र केवडा आवडीने वाहतात.

कण्हेरीचे संस्कृत नाव करवीर. अंबाबाईच्या कोल्हापूरचे जुने नावही करवीरच. तांबडी, गुलाबी व पांढरी कण्हेर बारमाही फुलते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि पाण्यावाचूनही ती तग धरते. गुरे तोंड लावीत नाहीत याचे कारण सर्वांनी ध्यानात ठेवावे. हिचे मूळ, पान, फूल सर्वच विषारी आहे. देवाला वाहावी, पण मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. हिच्या जोडीला थंडीत फुलणारा पांढराशुभ्र कुंद व काटेरी कोरांटी ही दोन नावे घेतली, म्हणजे जुन्या परडीतील 'क' बहुतेक पुरा होतो.

परंतु परडी एवढ्यावर थांबली नाही, आणि येथे आपल्या वसईच्या इतिहासाचा संबंध येतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे २०५ वर्षे, येथे पोर्तुगीज अंमल होता. त्या काळात समुद्रमार्गे अमेरिका खंडातील झाडे हिंदुस्थानात उतरू लागली. काजू हा मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आणला व नावही तेथील भाषेतलेच राहिले. आज कोकणी माणसाला काजू परका आहे असे सांगितले तर तो हसेल. कर्दळही मूळची अमेरिकेची, आणि पिवळी कण्हेरही तिकडचीच. पिवळ्या कण्हेरीला आपण बिट्टी म्हणतो व मुले तिच्या बियांनी खेळतात. ते बी जिवावर बेतण्याइतके विषारी असते, हेही येथेच सांगून ठेवतो.

पूजेच्या ताटात कर्दळीचे लाल फूल ठेवताना ते कोणत्या खंडातून आले हे आपल्या आजीने कधी विचारले नाही. आपल्या मातीत रुजले, आपल्या पावसात वाढले, म्हणून ते देवाचे झाले. गोखिवऱ्यात आज निरनिराळ्या प्रांतांतून कामधंद्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे राहतात, त्यांनीही या उदाहरणाकडे आपुलकीने पाहावे.

पूर्वेकडे तुंगारेश्वराचा डोंगर आहे. तेथील 'क' निराळा. उन्हाळ्यात कुड्याला पांढरी सुवासिक फुले येतात. कुड्याची साल अतिसारावरचे जुने औषध असून आयुर्वेदातील कुटजारिष्ट तिच्यापासूनच होते. कालिदासाच्या मेघदूतातील यक्षाने मेघाचे स्वागत केले ते याच कुटजाच्या फुलांनी. पावसाळ्यात कळलावीच्या ज्वाळेसारख्या तांबड्या-पिवळ्या पाकळ्या दिसतात. तिचा कंद जहाल विषारी, पण त्याच वनस्पतीतून संधिवाताच्या एका प्रकारावरील औषध मिळते. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. सारा उतार जांभळा होतो, मधमाश्यांना पर्वणी लाभते आणि बी धरले की झुडूप मरून जाते. कारवीच्या काठ्यांचे कूड करून त्यावर शेणमाती लिंपण्याची वारली बांधवांची पद्धत आहे, व त्याच भिंतींवर त्यांची जगप्रसिद्ध चित्रकला जन्मास आली. हा डोंगर २००३ सालापासून अभयारण्य आहे, म्हणून तेथील कारवीला थोडे संरक्षण आहे.

काही 'क' फुलाच्या रूपाने देवापुढे येत नाहीत, तरी त्यांच्यावाचून पूजा होत नाही. करंजाला फिकट जांभळट फुलांचे घोस येतात व त्याच्या बियांचे तेल दिव्यात जळत असे. त्या दिव्याची वात कापसाची. आरतीचा कापूर पूर्वी चीन-जपानकडील कापराच्या झाडापासून मिळे, हल्ली तो बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खुंट लागतात ते केळीचे. वसईची केळी व राजेळी केळ्यांची सुकेळी यांची ख्याती दूरवर पोहोचली. केळफुलाची भाजी तर आपल्या घराघरांत होते.

आता वर्तमानाचा विचार करू. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. कारखान्यांचे गाळे आले, चाळी व इमारती आल्या, हाताला काम मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण वाडी गेली की कुंपण जाते आणि कुंपण गेले की कण्हेर, कोरांटी, केवडा ही नावेही जातात. शाळेत जाणारे मूल आजही 'क कमळाचा' गिरवते, पण कमळ त्याने पुस्तकातच पाहिलेले असते. फुले पुडीतून येतात, आणि पुडीत झेंडू-शेवंतीपलीकडे फारसे काही नसते.

म्हणून मंडळास व देणगीदारांस एक नम्र सूचना आहे. आवारात सगळीकडे फरशी घालू नये. एक पट्टा मातीचाच ठेवावा. पाय धुण्याचे पाणी जेथे वाहते तेथे कर्दळ व केळ लावावी, त्यांना ओल हवी असते. कुंपणाला कोरांटी व मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात कण्हेर लावावी. सावलीला करंज लावावा. कण्हेर फांदीने लागते, कर्दळ गड्ड्याने, करंज बियाने. खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक झाडापाशी मोठ्या अक्षरांत नावाची पाटी असावी.

जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेले पुन्हा उभे करणे. भिंती उभ्या राहिल्या, कळस चढला. परडीतली नावेही तशीच पुन्हा उभी राहावीत आणि या आवारात खेळणाऱ्या मुलाला 'क' कशाचा असे विचारले असता त्याने बोट दाखवून पाच-सहा झाडे सांगावीत, हीच देवाचरणी प्रार्थना.