नांगराची रीत, टिलरची पाती

रायपूरच्या भातशेतीत ट्रॅक्टर उशिरा रुळला. गरिबी हे त्याचं एक कारण, पण एकटं तेच नव्हे. मला मोठं वाटणारं कारण आहे बियासी. इथला शेतकरी पहिल्या पावसावर धान फोकून पेरत आला. महिनाभरात रोपं वीत-दीड वीत झाली आणि खाचरात चार-सहा बोटं पाणी उभं राहिलं, की त्या उभ्या पिकातच नांगर घालायचा. विदर्भातून नवा आलेला माणूस हे बघून हबकतो. हा बाबा आपल्याच हाताने पीक मोडतोय की काय, असं त्याला वाटतं. पण अरुंद फाळाचा तो हलका नांगर तण उपटून चिखलात गाडतो, दाट उगवलेलं धान विरळ करतो, मुळांशी माती मोकळी करतो. मागून बायका चलाई करत येतात, म्हणजे उपटलेली रोपं रिकाम्या जागी खोवत येतात. थोड्याच दिवसांत शेत पुन्हा हिरवं दिसायला लागतं.

या कामाला चाकाचं यंत्र चालत नाही, जड बैलही चालत नाही. रायपूर, दुर्ग, बिलासपूरच्या मैदानातली कोसली जनावरं अंगाने लहान, पायाने हलकी. त्यांच्या जोडीला लाकडी नांगर, असा हा मेळ शेकडो वर्षं टिकला.

माझ्या वडिलांना हे गणित दुकान चालवताना कळलं. ते वर्ध्याहून आले आणि गंजपाऱ्यात अवजारांचं दुकान घातलं. राहायचो आम्ही तात्यापाऱ्यात. बिंबाजी भोसले 1758 साली रतनपूरला आले, तेव्हापासून मराठी माणूस या मुलखात येत राहिला: कोणी कारकून, कोणी मास्तर, कोणी वकील. अवजारं विकायला आलेले थोडेच. वडिलांचा लोखंडी नांगरावर फार जीव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात तो बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून कोणी घेईना आणि पुढे तोच नांगर दख्खनच्या काळ्या रानात गावोगाव गेला, ही गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. इथलं गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि कडबा कापायचं यंत्र घेऊन जायचं. माती उलथणारा जड नांगर बियासीत निरुपयोगी होता आणि कोसली जोडीला तो ओढवतही नव्हता.

लाभांडीला सरकारी प्रयोगशेत शंभराहून जास्त वर्षांपासून आहे. सत्तरच्या दशकात डॉ. रिछारियांनी रायपूरला बसून धानाचे हजारो वाण गोळा केले. 1987 साली इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय उभं राहिलं. वाणांची नोंद अशी नीट झाली. अवजार कसं धरायचं, कोणी धरायचं, कधी खाली ठेवायचं, याचा हिशेब मात्र कागदावर आला नाही. तो रिवाजात होता.

आमच्याकडे आषाढातली अमावास्या म्हणजे दिव्यांची. आई समया, निरांजनं चिंचेने घासून पाटावर मांडायची. त्याच दिवशी छत्तीसगढी घरांत हरेली. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांच्या लेखी ती श्रावणातली अमावास्या. त्या दिवशी नांगर, कोप्पर (जमीन सपाट करायचा पाटा), कुदारी, रापा (फावडं), हंसिया सगळं धुऊन अंगणात मुरूम पसरून त्यावर मांडतात आणि तांदळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. गुरांना औषधी पाल्याची आणि लोंदीची, म्हणजे मीठ घातलेल्या कणकेच्या गोळ्याची, चाट मिळते. राऊत, म्हणजे गुराखी, दारात निंबाची डहाळी खोचतो, लोहार चौकटीत खिळा ठोकतो. भर हंगामात, चिखल अंगावर असताना, हा एक दिवस अवजार हातात घ्यायचं नाही.

लहानपणी मला हे नुसतं सणाचं वाटायचं. वर्कशॉप हातात घेतल्यावर त्यातलं काम दिसायला लागलं. चिखल निघाला की भेग दिसते. जुवाची दोरी झिजली आहे का, फाळ सैल आहे का, रापाच्या दांड्याला चीर गेली आहे का, हे धुतल्याशिवाय कळत नाही. लोहार त्याच दिवशी दारात येतो, म्हणजे दुरुस्तीची गोष्ट त्याच्या कानावर घालता येते. पोऱ्याला, म्हणजे आपल्या पोळ्याला, बैलाच्या मानेवर जू चढत नाही, तेव्हा खांद्याच्या जखमा बघून होतात. आणि नांगर कोणाच्या हाती द्यायचा यालाही पायऱ्या होत्या. पोरगं आधी मागे चालायचं, मग कोप्परवर उभं राहायचं, मग कधीतरी मोकळ्या शेतात मूठ धरायचं. बियासीचा नांगर तर जाणत्याच्याच हाती. हा सगळा मला सुरक्षिततेचा शास्त्रशुद्ध पाठ वाटतो, फक्त तो सणाच्या पोटात होता.

आता ज्या यंत्राने हे बदललं, त्याचा जन्म इथून फार लांबचा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने 1912 साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती फोडून पाहिली. पहिल्या पात्यांनी माती बाजूला उडायची. त्याने पाती इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवली, कमी व्यासाच्या दांड्यावर अंतरा-अंतराने बसवली आणि काम जमलं. 1920 मध्ये त्याने पेटंट घेतलं, 1922 मध्ये कंपनी काढली. आज रायपूरच्या कुठल्याही रोटाव्हेटरखाली वाकून पाहा, तीच वाकडी पाती दिसतील. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र भाताच्या लहान खाचरांत, मागे चालत धरायच्या यंत्रांवर पसरलं. आपल्याकडे साठच्या दशकात जपानी सहकार्याने पॉवर टिलर आले. बंगळुरूची व्हीएसटी 1967 मध्ये मित्सुबिशीच्या साथीने सुरू झाली, केरळची कामको 1973 मध्ये कुबोटाच्या.

मध्य प्रदेशात मोठी यंत्रं त्याआधीच आली होती. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस गवताने गिळलेल्या जमिनी फोडल्या, त्यासाठी जागतिक बँकेने 1949 साली 1 कोटी डॉलर कर्ज दिलं. नर्मदेकाठी बुदनीला 1955 पासून ट्रॅक्टर चालवण्याचं शिक्षण मिळतं. पण ती सगळी मोठ्या यंत्रांची दुनिया. टिलर आणि 15-20 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आमच्याकडे शिरले ते बारीतून. बारी म्हणजे घरामागची भाजीची वाडी. खारून नदीच्या काठाने मरार-पटेलांच्या बाऱ्या पूर्वीपासून आहेत. तिथे बियासी नाही, रोप चिरडायची भीती नाही, आणि एका सकाळी जमीन भुसभुशीत होते. पुढे बोअर झाले, रोवणी वाढली, चिखलणीलाही हीच यंत्रं गेली. 2014-15 नंतर अनुदानं आणि भाड्याची केंद्रं आली, तसं यंत्र रोज वेगळ्या हातात जायला लागलं. मागे चालण्याची, कोप्परवर उभं राहण्याची पायरी गळून पडली. यंत्र गावात आलं, त्याची रीत मागेच राहिली.

ही रीत काय असायला हवी, ते आमच्या मातीनेच शिकवलं. छत्तीसगढी शेतकरी जमिनीची चार नावं घेतो: कन्हार, डोरसा, मटासी, भाटा. प्रत्येकीचा धोका वेगळा.

कन्हार ही काळी, चिकट. वापसा नसताना तीत टिलर घातला की पात्यांमध्ये गोळे बसतात, गवताच्या दोऱ्या गुंडाळतात, रोटर, म्हणजे पात्यांचा फिरता दांडा, जड होतो. आणि माणूस वाकतो. आरंग रस्त्यावरच्या एका गावात एक जण इंजिन चालू ठेवूनच पात्यांतलं गवत पायाने ढकलत होता. क्लच सुटा होता. गवत ओढलं गेलं, रोटर थोडा फिरला, क्लचने पकड घेतली. त्याच्या उजव्या पायाची बोटं गेली. यंत्र माझ्याकडे धुवायला आलं, तेव्हा चपलेचा पट्टा अजून पात्यात होता. तेव्हापासून मी एकच गोष्ट घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो: इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या, मगच वाका. आणि हात घालू नका, विळा किंवा काठी वापरा.

भाटा ही लाल, खडीची, कडक. तिथे पाती आत शिरतच नाहीत. रोटर चाकांच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे माती फुटली नाही तर तो जमिनीवरून धावायला बघतो आणि चारशे किलोच्या आसपासचं धूड पुढे उसळी मारतं. हँडल घट्ट धरून त्याच्याशी कुस्ती खेळणारा माणूस हटकून पडतो. भाट्यात एका दमात खोल जाऊ नये. आधी दोन बोटं, मग आडवं, मग आणखी खोल. उसळी आली की हँडल सोडायचं नाही, क्लच सोडवायचा.

बारीची माती बहुधा सोपी, पण तिच्यात माणसांचा संसार पुरलेला असतो: साडीच्या चिंध्या, कुंपणाची तार, प्लॅस्टिकची सुतळी, पंपाची केबल. काम सुरू करण्याआधी एक फेरी पायी मारावी, केबलच्या जागी काठी रोवावी. बारी अरुंद असते, टोकाला भिंत नाहीतर आंब्याचं खोड. तिथे यंत्र मागे घेताना रोटर चालू राहिला, तर पाती चालवणाऱ्याच्याच पायांकडे येतात आणि पाठीला भिंत. रिव्हर्स टाकताना रोटर सुटावा अशी अडकण बऱ्याच यंत्रांत असते. ती ढिली झाली तरी कामाचा खोळंबा होत नाही, म्हणून कोणी दुरुस्तीला आणत नाही.

छोट्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडला की गोष्ट पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती अवजाराला देणाऱ्या, शाफ्टची. तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. शाफ्टची जाडी 7 सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात 22 सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं, सेकंदात जवळजवळ 2 मीटर. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या गळ्यात गमछा असतो आणि त्याची लांबी साधारण तेवढीच. "सोडव" म्हणायलाही वेळ नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण याच्यासाठी असतं. ग्रीस भरायला आड येतं म्हणून ते काढून फेकलेलं मी रोज बघतो. गमछा डोक्याला बांधा, लुंगी नको, मागे कोणाला उभं करू नका, फेंडरवर पोर बसवू नका.

मैदान सपाट, तरी बांध आहेतच. टिलर बांधावरून किंवा तलावाच्या काठाने उतरताना एक गंमत नव्हे, जीवघेणी गोष्ट होते. सपाटीवर डाव्या हाताचा क्लच दाबला की डावं चाक सुटतं आणि यंत्र डावीकडे वळतं. उतारावर इंजिन यंत्राला धरून ठेवत असतं. तिथे डावं चाक सोडलं की ते मोकळं होऊन पुढे पळतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. घाबरलेला माणूस आणखी जोराने दाबतो. उतारावर क्लचला हात लावायचा नाही, हँडलने वळवायचं, पहिल्या गिअरमध्ये. आणि बसून चालवायचा ट्रॅक्टर उभ्या बांधावर चढवला तर तो मागे उलटतो. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या तिथे झपाट्याने खाली आली. आपल्याकडच्या छोट्या ट्रॅक्टरवर ती चौकट क्वचित दिसते. बांधाला रॅम्प करायला दोन घमेली माती पुरते.

कायदा यात कुठे आहे? मळणी यंत्रांनी उत्तरेत हजारो हात खाल्ले, तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. त्यात शक्तीवर चालणारं मळणी यंत्र नावानिशी आहे, आणि सरकारला वाटलं तर इतर यंत्रंही त्यात घालण्याची सोय आहे. ती सोय रोटरसाठी वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भाड्याने यंत्र देणाऱ्याने शाफ्टचं आवरण आणि रिव्हर्सची अडकण दाखवल्याशिवाय किल्ली देऊ नये, एवढं तरी सक्तीचं व्हावं.

हल्ली हरेलीला अंगणात नांगराशेजारी टिलर आणि ट्रॅक्टरही धुऊन उभे असतात, कुंकू लावलेले. मी त्या दिवशी ओळखीच्या गावांत फिरतो. धुतलेलं यंत्र तपासायला सोपं. पात्यांचे बोल्ट, आवरणाची साखळी, क्लचची केबल, सायलेन्सरची जाळी, सगळं तिथेच मुरुमावर बसून बघून होतं. मालक चिला हातात देतात, मी पाना फिरवतो.

सगळ्यात जास्त बिघाड सापडतो तो शिअर बोल्टचा. शाफ्टच्या जोडावर हा एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. मुळांत किंवा दगडात पाती अडकली की तो तुटतो, रोटर सुटतो, गिअर आणि माणूस दोन्ही वाचतात. बैल अडलं की थांबतो, यंत्राला थांबायला हा बोल्ट दिलाय. पण तो तुटला की पेरणीच्या घाईत शहरात कोण येणार? मग त्या भोकात जाड खिळा नाहीतर सळईचा तुकडा ठोकतात. तो तुटत नाही. पुढे काय तुटेल, ते त्या दिवशीच्या नशिबावर. म्हणून माझ्या वर्कशॉपमधून रोटाव्हेटर बाहेर पडताना त्याच ग्रेडचे मूठभर बोल्ट पिशवीत घालून लिव्हरला बांधून देतो, पैसे घेत नाही. पिशवी रिकामी झाली की लोक परत मागायला येतात. कोणी दोन हंगाम आलाच नाही, तर मी स्वतः त्याच्या गावी जाऊन आधी ते भोक बघतो.