किल्लारीच्या घरांचे अभ्यासक : डॉ. रोहित जिग्यासू

भूकंपग्रस्तांना बांधून दिलेल्या घरांत माणसे पुढे कशी राहतात, हा प्रश्न घेऊन मराठवाड्यातील खेड्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांत डॉ. रोहित जिग्यासू यांचे नाव महत्त्वाचे आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वास्तुवारसा जतनाचे शिक्षण घेतलेल्या जिग्यासू यांनी २००२ मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील विद्यापीठातून डॉक्टरेट संपादन केली. भारत व नेपाळमधील भूकंपप्रवण ग्रामीण समाजाचे स्थानिक ज्ञान व क्षमता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यातील भारतातील अभ्यासासाठी त्यांनी लातूरचा भूकंपग्रस्त पट्टा निवडला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार जण मृत्युमुखी पडले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व माळवदाचा भार यांखाली कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसन हाती घेतले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली.

घरे भक्कम झाली, पण गाव बदलले. बोळ, चौक, ओसरी व भावकीचा शेजार असलेल्या दाट वस्तीच्या जागी शहरी वसाहतीसारखे सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. जनावरे, शेतीची अवजारे आणि धान्य ठेवण्यास जागा अपुरी पडू लागली. मग जुन्या घरांचे दगड व लाकूड आणून लोकांनी वाढीव बांधकाम केले. त्यात भूकंपरोधक तंत्राचा अभाव असल्याने टळलेला धोका नव्या वाटेने परत येतो, याकडे जिग्यासू यांनी लक्ष वेधले.

दगडाची लोकांनी भीती घेतली. त्यासोबत गवंडी व सुतारांचे पिढीजात कसबही मागे पडू लागले. वास्तविक, अनेक घरांत भिंती ढासळल्या तरी आतील लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. परंपरेतील असे गुण पारखून त्यांना नव्या तंत्राची जोड द्यावी, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे.

पुढे जपानमधील क्योटो येथील रित्सुमेइकान विद्यापीठात युनेस्को अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. त्यानंतर रोम येथील 'इक्रोम' या आंतरराष्ट्रीय संस्थेत त्यांनी वारसास्थळांच्या आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली. त्यांच्या अभ्यासाचा धडा आजही लागू पडतो. घराच्या चाव्या दिल्या म्हणजे पुनर्वसन संपत नाही. कुटुंब वाढल्यावर पुढची खोली कोण व कशी बांधणार, याचा विचारही आराखड्यातच असावा लागतो.