दुष्काळसदृश

पावसाने ओढ दिली, की जिंतूर-सेलूकडे ‘टंचाई’ सुरू होते: टंचाई आराखडा, टंचाई बैठक. दुष्काळ म्हणायला कचेरी सहसा धजत नाही. संस्कृतातला दुस् अधिक काल, म्हणजे वाईट वेळ. बोलीत त्याचाच दुकाळ झाला. ‘दुर्भिक्ष’ तर आणखी रोखठोक, भीकसुद्धा मिळणं कठीण! १९६३ मध्ये महाराष्ट्राने चक्क कायदा करून ‘फॅमिन’ हा शब्द आपल्या कायद्यांतून खोडला, जागी ‘स्कॅर्सिटी’ बसवला. नऊच वर्षांनी बहात्तर उजाडलं. सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्यांनी त्याला दुष्काळच म्हटलं. अलीकडे ‘दुष्काळसदृश’ निघालाय. सदृश म्हणजे सारखा दिसणारा. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बाईला तो आणखी कशासारखा दिसावा? पारावर मात्र शब्द रुळला: “सदृशमध्ये आपलं महसूल मंडळ आलं का हो?”