जटपुरा गेटजवळचा पसरा

वेशीचे दार अरुंद ठेवायचे असते ते चाल मंदावण्यासाठी. घोडदळ एकदम आत घुसू नये, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर राहावी, बैलांच्या पाठीवरचा माल मोजता यावा, ही त्यामागची गणिते. चंद्रपूरच्या जटपुरा गेटमधून आता ऑटो, दुचाक्या आणि पायी चालणारे एकमेकांना खेटून जातात, आणि चाल अजूनही मंदच आहे. विक्रेत्याला हेच हवे असते. भरधाव गाडीवरून कोणी कोथिंबिरीची जुडी घेत नाही. पाऊल अडखळले की नजर पाटीकडे जाते. गेटच्या आसपास पसरा मांडायची बुद्धी कुणाला मुद्दाम शिकवावी लागली नसेल.

हे गेट ज्या परकोटात आहे, तो गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशाहाने पंधराव्या शतकात त्याचा पाया घातला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला. राजाच्या कुत्र्याचा उलट सशानेच पाठलाग केला आणि त्या धावेच्या रेषेवर भिंत उभी राहिली, ही आख्यायिका चंद्रपुरात लहान मुलेही सांगतात. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. आज गर्दीने कोंडलेल्या या भिंतीच्या आत एके काळी जागेला तोटा नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत परकोटाच्या आत शेते आणि सुट्या वस्त्या असल्याची नोंद आहे.

१७५१ मध्ये गोंडांचे राज्य गेले आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, नागपूरकर भोसल्यांकडे आले. त्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्यांवर ‘पांढरी’ नावाचा कर होता. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीत बसून कमावणाऱ्याने सरकारला काही द्यावे, असा हिशेब. बाजारात बसणाऱ्याकडून आजही बैठकीची चिठ्ठी फाडली जाते. राज्ये बदलली, पण बसणाऱ्याकडून घ्यायचे, हे काही बदलले नाही.

पूर्वेकडच्या जंगलात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, बाजाराची रीत वेगळी होती. तिथे बाजार जागेचा नसून वाराचा. ठरलेल्या दिवशी आंब्या-चिंचेखाली पाल पडायची, संध्याकाळी उठायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर गुरे बसायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, मग चारोळी आणि टेंभरे, पावसाळ्यात बांबूचे कोवळे वास्ते आणि सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या. बाहेरचा व्यापारी मीठ, सुकी मासळी, कापड, बांगड्या घेऊन यायचा. मिठाच्या बदल्यात चारोळी हा मध्य भारताच्या जंगलातला जुना सौदा, आणि तो बरोबरीचा कधीच नव्हता. शहरात मेव्याच्या भावाने विकली जाणारी चारोळी जंगलात मिठाच्या मापाने जायची. आठवडी बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे तराजूही आठवावे.

तरीही या बाजारात एक शहाणपण होते: एकाच जमिनीवर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्यांचा हक्क. भामरागडच्या बाजारात डोंगर उतरून, नदी ओलांडून आलेली माडिया बाई आपल्या टोपलीपुढे बसली, की तेवढी जागा त्या दिवसापुरती तिची. वहिवाट सगळ्यांना ठाऊक असायची.

चांद्यात नगरपालिका आली १८६७ मध्ये. नगरपालिकेच्या कारभारात रस्ता ही रोजची आणि मोजून आखलेली गोष्ट असते; तिथे वाराची मुभा सहसा नसते. विक्रेत्यासाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे: पसरा, पथारी, पाल, पाटी, ठेला, हातगाडी. रोजच्या भाजीबाजाराला विदर्भात ‘गुजरी’ असा खास शब्द आहे. रस्त्याच्या कडेच्या चालायच्या पट्टीला मात्र ‘फुटपाथ’च म्हणावे लागते. ‘पदपथ’ फलकावर आणि निविदेत भेटतो, ‘पादचारी’ पोलिसांच्या सूचनेत. बाजार आधीचा आणि फुटपाथ नंतरचा, हे भाषाच सांगते.

१९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. कोळशाच्या खाणी वाढल्या, औष्णिक वीज केंद्र आले, माणसे आली. भिंत मात्र जागची हलली नाही. तिला पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. गेटपाशी रस्ता रुंद होणे अवघड. महात्मा गांधी मार्ग आणि कस्तुरबा मार्ग एकेरी करून वाहनांची सोय पाहिली गेली, पण चालणाऱ्याचे काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी हवी. जुन्या शहरात ती शोधायला निघालेल्या माणसाला आधी उभ्या दुचाकी ओलांडाव्या लागतात, मग दुकानदाराने पुढे सरकवलेला माल, आणि त्यानंतर कुठे भाजीवाली भेटते. अतिक्रमणविरोधी कारवाईचा ट्रक आला की हा क्रम नेमका उलटतो.

१९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायाचा हक्क असल्याचे मान्य केले, पण ठरावीक जागेवर कायमचा दावा नाकारला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, विक्रेता प्रमाणपत्र आणि नगर विक्रेता समिती आणली. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले हवेत. त्याच कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे चंद्रपुरात कुतूहलाने पाहायला हवे. पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते व्यवसाय करत आलेला बाजार वारसा बाजार ठरतो आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. म्हणजे दगडाला वारसा म्हणणारा एक कायदा आहे, आणि दगडालगत बसणाऱ्यांच्या बाजारालाही तो मान देऊ शकणारा दुसरा.

२०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा काढायला सुरुवात केली. भिंतीवरून पुन्हा चालता येऊ लागले. खालच्या रस्त्यांपेक्षा वरचा तट पायी फिरायला मोकळा, ही गंमत त्यातलीच.

चैत्रात मात्र सगळे हिशेब बदलतात. अचलेश्वर गेटबाहेर, झरपट नदीपलीकडे महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून भाविकांचे जत्थे येतात. रस्त्यावर पाल पडतात. हळद-कुंकू, नारळ, बांगड्या, खेळणी, प्रसादाचे लाडू. माणसे रस्त्याच्या मधोमध चालतात, गाड्या थांबून राहतात, आणि तेवढे दिवस त्या पालांना अतिक्रमण म्हणण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.