टिकवणाऱ्याचं माप

संध्याकाळी मुंबईहून निघणाऱ्या बदलापूर लोकलमध्ये कशावरून वाद होत नाहीत, हे सांगणं अवघड आहे. पाणीकपात, जागांचे भाव, चौथी सीट, राजकारण, सगळं तिथे येतं. आमच्या डब्यात मात्र बरीच वर्षं एक असा वाद चाललेला आहे, की तो ऐकून शेजारचे प्रवासी आमच्याकडे जरा काळजीने बघतात. आम्ही भांडतो ते एका फुटबॉल प्रशिक्षकावरून. आणि तेही अशा क्लबाच्या माजी प्रशिक्षकावरून, जो क्लबच आता उरलेला नाही.

प्रशिक्षकाचं नाव खालिद जमील. क्लबाचं नाव मुंबई एफसी. 2025 च्या ऑगस्टमध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि विझत आलेला हा वाद पुन्हा पेटला.

वादात आम्ही तिघं. एक उल्हासनगरचे सिंधी व्यापारी. त्यांचे आजोबा फाळणीनंतर कॅम्पात आले, बराकीत राहिले आणि एका टेबलावर दुकान मांडून बसले. त्यांना आम्ही सेठ म्हणतो. दुसरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेले, तिथल्या मैदानावर बॅक म्हणून खेळलेले, पुढे मुंबईत बँकेत लागलेले. तिसरा मी, बदलापूरचा. कविता लिहितो, म्हणून दोघंही मला ‘शायर’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे मी कधी विचारलं नाही.

बँकवाल्यांचा मुद्दा ठरलेला असतो. ‘सात वर्षं तो माणूस मुंबई एफसीचा कोच होता. एक करंडक दाखवा. एकच!’ आणि सेठ म्हणतात, ‘अहो, सात वर्षं दुकान बंद पडू दिलं नाही, ते दिसत नाही का तुम्हाला?’

हा वाद समजायचा तर मुंबईच्या फुटबॉलचा थोडा इतिहास पाहावा लागेल. या शहरात फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स करंडक स्पर्धा इथे 1891 मध्ये सुरू झाली. पण कोलकात्यात जसे मोहल्ल्याचे, समाजाचे क्लब उभे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले, तसं मुंबईत झालं नाही. मुंबईचा मोठा फुटबॉल कंपन्यांच्या हजेरीपटावर वाढला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळायची, पगार मिळायचा, आणि संध्याकाळी कूपरेजवर सामना. व्यवस्था चांगली होती. तिच्यात खोट एकच. कंपनीने हात काढला, की संघ संपला. प्रेक्षकाला कुणी विचारत नसे, कारण संघ प्रेक्षकाचा नव्हताच.

महिंद्राचं उदाहरण अजून ताजं आहे. 1962 मध्ये सुरू झालेला हा संघ 2005-06 च्या मोसमात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल फुटबॉल लीग जिंकला. कोलकाता आणि गोव्याच्या संघांनी गाजवलेली ती लीग मुंबईच्या दुसऱ्या कुठल्याही संघाला कधी जिंकता आली नाही. त्यानंतर चार वर्षांनी, 2010 मध्ये, महिंद्राने संघ बंद केला. देशाचा विजेतेपदाचा मान मिळवलेला संघ असा एका निर्णयाने पुसला गेला.

खालिद जमील या सगळ्या व्यवस्थेतून आलेले. जन्म कुवेतचा, 1977 चा. खेळाडू म्हणून ते महिंद्राकडून खेळले, एअर इंडियाकडून खेळले, आणि 2007 मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला तेव्हा त्यात आले. हा क्लब आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून वर चढला आणि डेव्हिड बूथ या इंग्लिश प्रशिक्षकानंतर, 2009 मध्ये, संघाची सूत्रं जमील यांच्याकडे आली. वय 32. ज्या वयात खेळाडू ‘अजून दोन मोसम खेळीन’ म्हणतो, त्या वयात ते बाकाशेजारी उभे राहिले.

तिथून पुढची सात वर्षं हा आमच्या भांडणाचा ऐवज. त्या काळात आम्ही सामन्याला जायचो ते सीएसटीला उतरून, फोर्टातून चालत, ओव्हल मैदानाच्या कडेने कूपरेजवर. घरून निघाल्यापासून गॅलरीत बसेपर्यंत दोन तास. मधल्या काळात कूपरेजचं काम निघालं, तेव्हा मुंबईच्या या संघाचे घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत व्हायचे! आमच्यासारख्यांची मग कल्याणला गाडी पकडण्याची धावपळ. इतकं करून समोर काय दिसायचं? दहा माणसं चेंडूच्या मागे. लांब फटका. फ्री किक मिळाली तर गोलची आशा. शेवटच्या वीस मिनिटांत बरोबरी राखण्यासाठी चाललेली जिवाची तगमग.

बँकवाले म्हणतात, ‘हा खेळ बघायला मी दोन तास उभा राहून यायचो?’ त्यांचं चुकत नाही. पैसे आणि वेळ खर्च करून आलेल्या माणसाला थोडा आनंद मागण्याचा हक्क आहे.

पण दर मोसमाच्या शेवटी तक्ता बघितला, की मुंबई एफसी खाली घसरलेली नसायची. एकदाही नाही. आय-लीगमध्ये तळाशी राहिलेल्या संघावर खालच्या श्रेणीत जाण्याची वेळ यायची, आणि लहान पैशाच्या क्लबाला तिथून परतणं फार कठीण असायचं. जमील यांनी सात मोसम हा संघ वरच्या श्रेणीत ठेवला. त्याच काळात, 2014 मध्ये, इंडियन सुपर लीग आली. त्याच शहरात मुंबई सिटी नावाचा दुसरा क्लब उभा राहिला. त्याच्यामागे सिनेमाचे तारे, दूरचित्रवाणी, मोठे प्रायोजक. कूपरेजची गॅलरी आणखी रिकामी झाली. तरी संघ तगून राहिला.

2016 मध्ये जमील आणि मुंबई एफसी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ते मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या मोसमात खाली घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या मोसमात ऐझॉलकडून खेळले. आणि 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी करून ऐझॉल आय-लीगचं विजेतं झालं. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. ईशान्य भारतातल्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिली वेळ.

त्याच तक्त्याच्या अगदी तळाला कोण होतं? मुंबई एफसी. संघ खालच्या श्रेणीत गेला, आणि 2017 मध्येच क्लबाने गाशा गुंडाळला.

सेठ हा तक्ता कोर्टात पुरावा ठेवावा तसा आमच्यापुढे ठेवतात. ‘माणूस गेला, दुकान बुडालं. आणखी काय हवं?’

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून (बी.ए.पर्यंतचाच, पण विद्यार्थी) मला इथे जरा थांबावंसं वाटतं. एक माणूस गेला म्हणून एक क्लब बुडाला, असं इतकं सरळ नसतं. लीगचं महत्त्व कमी होत चाललं होतं, प्रायोजक दुसरीकडे वळत होते, मालकांचा उत्साह ओसरत होता. जमील राहिले असते तर क्लब कदाचित आणखी एक वर्ष वाचला असता, कदाचित नसता. शिवाय बँकवाल्यांचा उलटा प्रश्न फार बिनतोड आहे. ते म्हणतात, ‘ऐझॉलसारख्या गरीब संघाला घेऊन हा माणूस लीग जिंकू शकतो, तर मग आमच्याकडे सात वर्षं का नुसता बचाव केला? जिंकण्याची विद्या होती, तर ती आम्हांला का नाही दिली?’

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. माझं उत्तर असं आहे. माणसाकडून आपण काय मागतो, त्यावर तो काय देतो हे बरंचसं ठरतं. मुंबई एफसीने त्यांच्याकडून, माझ्या समजुतीप्रमाणे, एकच गोष्ट मागितली: या वर्षी घसरू नका. दर वर्षी हेच. ऐझॉलची गोष्ट निराळी होती. तो संघ एकदा घसरून झाला होता. त्याच्याजवळ गमावण्यासारखं काही नव्हतं, आणि मागे अख्खं गाव उभं होतं. ज्याच्या डोक्यावर पडण्याची टांगती तलवार असते, तो सावध खेळतो. हे आपल्या भागातल्या लोकांना समजावून सांगायला नको. कारखान्यात टाळेबंदीची कुजबुज सुरू झाली, की घरातले खर्च कसे आखडतात, मुलाला ‘यंदा नको, पुढल्या वर्षी’ कसं सांगितलं जातं, हे इथल्या कितीतरी घरांनी पाहिलं आहे. त्या वर्षांत घर पुढे गेलेलं नसतं. पण घर असतं. आणि ते ठेवण्यासाठी कुणीतरी राबलेलं असतं, ज्याचा सत्कार होत नाही.

आता कुणी म्हणेल, करंडक जिंकला की नाव राहतंच. तसंही नाही. सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण करा. हैदराबाद सिटी पोलिसांचा त्यांचा संघ मुंबईला येऊन 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक घेऊन गेला. जकार्ताच्या 1962 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून सुवर्णपदक मिळवलं, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने ते गेले. एवढं मोठं काम. तरी 2024 मध्ये ‘मैदान’ हा चित्रपट येईपर्यंत आमच्या डब्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक होतं? करंडक कपाटात राहतात. नाव राहायचं तर ते कुणीतरी घेत राहावं लागतं.

म्हणून मला आमच्या भांडणाचं मोल वाटतं. कोलकात्यात पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षकावरून वाद होतात, कारण तिथे क्लब आहे, त्याची कचेरी आहे, भिंतीवर फोटो आहेत, आजोबांनी नातवाला सांगितलेल्या गोष्टी आहेत. मुंबई एफसीचं काय आहे? अंबरनाथमध्ये काडेपेट्यांचा विम्को कारखाना होता. कारखाना गेला, पण रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. मुंबई एफसीच्या नावाचा एक नाकासुद्धा नाही. जे काही आहे ते आमच्यासारख्यांच्या तोंडी, तेही कुर्ला ते अंबरनाथ.

आता जमील यांचा हिशेब सगळा देश मांडतो आहे. तेरा वर्षांनंतर भारतीय माणूस राष्ट्रीय संघाचा पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाला, याचा आनंद झाला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कप स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला, तेव्हा सेठांनी डब्यात पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात गोव्यात सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. त्या दिवशी बँकवाल्यांनी काही न बोलता फक्त माझ्याकडे पाहिलं. मला कूपरेज आठवलं. तोच प्रश्न आता मोठ्या मैदानावर आला आहे: या माणसाकडून आपण जिंकणं मागतो आहोत, की नुसतं न बुडणं? आधी हे ठरवायला हवं. माप नंतर लावावं.

परवाही हेच बोलणं चाललं होतं. उल्हासनगरला सेठ उतरले. अंबरनाथ आलं तसे बँकवाले उठून दाराशी गेले. फलाटावर उतरले, आणि गर्दीतून वळून ओरडले, ‘ते सगळं खरं शायर, पण एक तरी करंडक हवा होता!’

गाडी सुटली. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण बदलापूरपर्यंत ते ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून तुम्हांला सांगितलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)