जालना लोकसभा मतदारसंघ

महाराष्ट्रातील 48 लोकसभा मतदारसंघांपैकी मराठवाड्यातील एक. क्रमांक 18, खुला. यात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. जालना, बदनापूर (अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि भोकरदन हे जालना जिल्ह्यातले. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातले.

नाव जालन्याचे असले तरी निम्मा मतदारसंघ शेजारच्या जिल्ह्यात आहे, आणि जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी हे विधानसभा मतदारसंघ परभणी लोकसभेला जोडलेले आहेत. परतूर, मंठा, घनसावंगीच्या माणसाचे जिल्हाधिकारी कार्यालय जालन्यात आणि खासदार परभणीचा. जिल्ह्याच्या प्रश्नांवर दिल्लीत एकमुखी बोलणे त्यामुळे अवघड होते, ही गैरसोय खरी आहे. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. या नावाचा मतदारसंघ त्याहून जुना आहे.

उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेला पैठणची गोदावरी, असा हा पट्टा. मधला बहुतेक मुलूख कोरडवाहू: कापूस, सोयाबीन, मका, आणि पाणी टिकले तिथे मोसंबी. जालना शहर बियाणे आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. बद्रिनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये स्थापन केलेली बियाणे कंपनी महिको इथलीच. शहराची तहान मात्र पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. टंचाईच्या वर्षी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत पाण्याइतका मोठा निवडणुकीचा मुद्दा दुसरा नसतो.

सुरुवातीची दोन दशके बहुतांशी काँग्रेसची. आणीबाणीनंतर 1977 मध्ये पुंडलिक हरी दानवे जनता लाटेत निवडून आले. 1980 व 1984 मध्ये काँग्रेसचे बाळासाहेब पवार, 1989 मध्ये भाजपकडून पुन्हा पुंडलिक हरी दानवे, 1991 मध्ये काँग्रेसचे अंकुशराव टोपे विजयी झाले. 1996 आणि 1998 मध्ये उत्तमसिंग पवारांनी जागा भाजपकडे आणली. 1999 पासून भोकरदनचे माजी आमदार रावसाहेब दानवे सलग पाच वेळा जिंकले. ते भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते, 2021 ते 2024 रेल्वे राज्यमंत्री. त्याच काळात, 30 डिसेंबर 2023 रोजी, जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली.

दानवेंच्या या पाच विजयांतली सर्वांत चुरशीची लढत 2009 ची. काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे अवघ्या 8,482 मतांनी हरले. त्याच वर्षी ते फुलंब्रीतून विधानसभेवर गेले. पुढे 2014 मध्ये दानवेंचे मताधिक्य दोन लाखांवर आणि 2019 मध्ये तीन लाखांवर पोहोचले. जागा आता हलत नाही असे सगळे धरून चालले होते.

सप्टेंबर 2023 मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पेटले. शेतमालाच्या भावाची नाराजी होतीच. 13 मे 2024 च्या मतदानात काळे यांनी दानवेंना 1,09,958 मतांनी हरवले. अपक्ष मंगेश साबळे यांनीही दीड लाखांहून अधिक मते घेतली. प्रस्थापित दोन्ही पक्षांना नाकारणारा एवढा मोठा गट इथे आहे, ही या निकालातली सर्वांत लक्षणीय गोष्ट. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत, याच सहाही जागा भाजपप्रणीत महायुतीने जिंकल्या. सिल्लोडची अगदी थोडक्या मतांनी.